चौतिसावं कार्ड

कार्ड १ : चौकट
(भीती ९. बळ ०. ज्याच्या दारावर लागेल त्याचं घर जातं.)

होळीनंतरच्या तिसऱ्या सकाळी, मोलगीच्या वरच्या एका पाड्यात, धनुबाई वसावे ही साठीची विधवा आपल्याच अंगणात डोकं फुटून बेशुद्ध पडलेली सापडली. दाराच्या चौकटीवर बाभळीच्या काट्याने एक कार्ड टोचलेलं होतं.

कार्डावर पांढऱ्या केसांत चेहरा लपलेली बाई. पुढे आलेला डावा हात. हाताला बोटं चार. खाली छापलेलं:

डाकीण. झऱ्यापलीकडे, महूच्या तीन झाडांच्या घरात राहते. डाव्या हाताला करंगळी नाही. वार कितीही करा, ही मरत नाही.

धनुबाईचं घर झऱ्यापलीकडे. अंगणात महूची, म्हणजे मोहाची, तीन झाडं. डाव्या हाताची करंगळी वीस वर्षांपूर्वी विळ्याखाली गेलेली.

मारणारे कोण, हे रहस्य नव्हतं. चौघं होते. दोघांना पोलिसांनी नेलं, दोघं डोंगरात निघून गेले, आणि चौघांचीही नावं पाड्यातलं शेंबडं पोर सांगत होतं. पाड्याला पडलेला प्रश्न वेगळा होता. कार्ड छापणाऱ्या शहाद्याच्या ज्या लोकांनी धनुबाईला जन्मात पाहिलं नाही, त्यांना तिची खूण कशी कळली?

उत्तरही पाड्याने काढून ठेवलं होतं. ती रात्री तिकडे जाते, म्हणून कळली.

ते कार्ड आमचं होतं. खालच्या ओळी माझ्या होत्या.


कार्ड २ : कोपरे

आमचं ऑफिस शहाद्यात, हेमकांत पटेलच्या केळीच्या रोपवाटिकेवरच्या मजल्यावर. खाली त्याच्या वडिलांची रोपं, वर आमची भुतं. पोरं परदेशी राक्षसांची कार्डं जमवतात, शाळेत अदलाबदल करतात, मग आपल्या सातपुड्यात काय भुतं कमी आहेत का, असं हेमकांतला एक दिवस वाटलं आणि ‘भुतावळ’ नावाचा खेळ निघाला. चोपन्न कार्डं. पाच-पाचांची पाकिटं, आत काय निघेल ते नशीब. मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, पाण्यातल्या आसरा. चित्रं हेमकांतची बहीण भाविका काढते. डोंगरातली माहिती डोंगरसिंग वसावे आणतो. नियम आणि कार्डावरचा मजकूर माझा. मी मोहिनी. आधी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे रिकामा रकाना मला बघवत नाही.

हेमकांतने फोनवरचा फोटो माझ्यापुढे धरला.

“त्या बाईले आपला कार्डमुळे मार पडना, असं लोके सांगी ऱ्हायनात. त्या पाडाना झिपरू कारभारीना फोन व्हता. बाजारना दिवसले पंच बसतीन. ती खूण कोना मानूसनी लिखी ते आपन दखाडं, तर बाईले घर जावा देतीन. नही ते नही.”

“आनि पोलीस?”

“त्यास्ना आधी माले कळाले पाह्यजे. तू जाय. तुन्हं डोकं चालस.”

माझं डोकं फोटोवर चालायला लागलं होतं. “कोपरे बघ,” मी म्हणाले.

दुकानात जाणाऱ्या कार्डांचे कोपरे यंत्रावर गोल कापतात. चौकटीवरच्या कार्डाचे कोपरे चौकोनी होते. आणि पाकिटं दुकानात पोचली होती त्या सकाळनंतर दोन दिवसांनी. म्हणजे कार्ड बाजारातलं नव्हतं. छपाईआधी तपासणीसाठी जे ताव काढतात, त्यांतलं होतं. ते आम्ही पात्याने हाताने कापतो. असे संच चारच होते: हेमकांत, भाविका, डोंगरसिंग आणि मी.

हेमकांतने कपाट उघडून आपला संच मोजला. चोपन्न. मी माझा मोजला. चोपन्न.

भाविका घरी गेली होती. तिच्या टेबलाच्या खणातला संच मी मोजला, मग पुन्हा मोजला.

त्रेपन्न. चौतीस नंबर नव्हता.


कार्ड ३ : भाविका
(बळ ४. चाल: कागदावर लिहिलेलं सगळं दिसतं, न लिहिलेलं काहीच दिसत नाही.)

“चोर शोधायला आलीस का चहाला?” भाविकाने दारातच विचारलं. तिला भावाचा फोन येऊन गेला होता.

“चौतीस नंबर कुठे आहे तुझा?”

ती मला आत घेऊन गेली. आरशाच्या मागे खोचलेलं कार्ड तिने काढून दिलं. चौकोनी कोपरे. “माझं मीच काढलेलं चित्र, पण रात्री टेबलावर नको वाटलं. खणात नको, समोर पण नको. म्हणून आरशामागे.”

“तू कधी मोलगीला गेली आहेस?”

“काठी गावची होळी बघायला एकदा. बाबा जीपमधून खाली उतरूच देत नव्हते.”

“मग चार बोटं कशी सुचली?”

तिने चहाचा कप खाली ठेवला. “सुचली? मोहिनीताई, मी पाच काढली होती. तूच चित्र परत पाठवलंस. मजकुराशी जुळत नाही म्हणून.”

पाठवलं होतं. आठवलं मला. वर लाल शाईत ‘बारकाईने वाचा’ असंही लिहिलं होतं.

“चेहरा का झाकलास?”

“कोणाचा काढू? तुझ्या कागदावर हात होता, घर होतं, चेहरा नव्हता.” तिने कप पुन्हा उचलला. “मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं. मुंज्याला काय म्हटलंय? पिंपळावर राहतो. कुठला पिंपळ? कुठलाही. हडळ विहिरीपाशी. कुठल्याही विहिरीपाशी. आणि हिला एकटीलाच झरा, झऱ्यापलीकडचं घर, तीन झाडं. भुताचं वर्णन असं असतं का? हे तर पार्सल पोचवणाऱ्याला सांगतात तसं आहे.”

 चौथा संच डोंगरसिंगचा राहिला होता. धनुबाई त्याची काकी, आणि काकाची जमीन तिच्या नावावर होती.


कार्ड ४ : पुतण्या

धनुबाई चिंचपाड्याच्या दवाखान्यात होती. मोलगीपासून अख्खा जिल्हा ओलांडून तिला इथे आणली, कारण तिची बहीण इथे झाडलोट करते आणि रात्री जवळ बसणारं कोणीतरी हवं होतं. आणणारा डोंगरसिंग होता. झोळीत घालून रस्त्यापर्यंत, पुढे जीपने. तो व्हरांड्यात बसला होता, मांडीवर तिच्या चपला.

आत धनुबाई उठून बसली होती. डोक्याला पट्टी, डोळ्यांच्या कडांना गोंदणाच्या जुन्या रेघा. तिला मराठी समजत होतं, बोलायची ती भिलीत. मी कार्ड पुढे केलं. तिने ते लांब धरून पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. शेजारच्या खाटेवरची बाई फिस्सकन हसली.

“काकी म्हणते, एवढे केस असते तर दुसरं लग्न केलं असतं,” डोंगरसिंग म्हणाला.

पण पुढचं बोलताना तिने माझं मनगट धरलं. चार बोटांची पकड. ते त्याने न हसता सांगितलं. “महू पडायला लागलं असेल. पहाटे वेचलं नाही तर गुरं खातात. काकी विचारते, तिच्या झाडाखाली कोण वेचतंय आत्ता?”

तिला एवढंच हवं होतं. घर, आणि तेही महू संपायच्या आत.

मी डोंगरसिंगला बाहेर घेऊन गेले.

“जमीन कोणाची आहे?”

“काकाची होती. आता काकीची. नांगर माझा.”

“आणि काकी गेली तर?”

“तर माझी. सरळ विचारा ना मॅडम, एवढं लांबून कशाला?”

“तुझा संच दाखव.”

त्याने पिशवीतून गठ्ठा काढला. मोजायची गरज नव्हती, त्यानेच सांगितलं. “चौतीस नाही. खात्याला दिलं.”

“खात्या कोण?”

“बडवा. कोणी आजारी पडलं की दाणे टाकून पाहतो आणि कारण सांगतो.”

“त्याला का दिलंस?”

“त्याचंच होतं म्हणून.”

“म्हणजे?”

त्याने चपला पिशवीत घातल्या, पुन्हा बाहेर काढल्या. “मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, आपल्यावरचं ढकलतोय. कागद तुमच्याकडे आहे. मी भरून पाठवलेला. दोन्ही वेळचा.”

“दोन्ही वेळचा?”

“वाचा. मग या. मी मोलगीला येतो.”


कार्ड ५ : रकाने

फाईल माझ्या टेबलावरच होती. प्रत्येक भुताला एक कागद, प्रत्येक कागदावर माझे चार प्रश्न.

मुंजा. मरण कसं आलं: मुंज झाली, लग्नाआधी मेला. कुठे राहतो: पिंपळावर. खूण: शेंडी. कशाला घाबरतो: लोखंडाला.

हडळ. मरण कसं आलं: बाळंतपणात. कुठे राहते: विहिरीपाशी. खूण: उलटी पावलं. कशाला घाबरते: राखेला.

खवीस. मरण कसं आलं: लढाईत.

आसरा. मरण कसं आलं: बुडून.

असे त्रेपन्न. सगळ्यांच्या पहिल्या रकान्यात एक मरण.

डाकीण, पहिला कागद, दोन जानेवारी. मरण कसं आलं: कुठे राहते: खूण: कशाला घाबरते:

चारही रकाने कोरे.

मग फोनवरचे संदेश. नऊ जानेवारी, मी: ‘३४ नंबर रिकामा आहे. रिकामं चालणार नाही.’

तो: ‘मॅडम ते असं सांगता येत नाही.’

मी: ‘तुला माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला विचार. ठिकाण हवं, खूण हवी. जे खरं आहे तेच लिही, मनाचं नको.’

तो: (काही नाही. अकरा दिवस.)

डाकीण, दुसरा कागद, वीस जानेवारी. झरा. तीन महू. करंगळी. आणि पहिल्या रकान्यात, मरण कसं आलं या प्रश्नापुढे, डोंगरसिंगच्या ठळक अक्षरात: मेली नाही.

मेली नाही. मी वीस जानेवारीला हे दोन शब्द वाचले होते आणि मला आनंद झाला होता, कारण खेळाला एक सर्वांत भारी कार्ड लागतं. मी लिहिलं: वार कितीही करा, ही मरत नाही. बळाच्या जागी सर्वांत मोठा आकडा टाकला. वर चमकतं आवरण द्यायला सांगितलं.

तो मला सांगत होता की ही बाई जिवंत आहे.

भुतांच्या यादीत मी एक जिवंत माणूस मागितला होता, आणि तो मिळेपर्यंत कोरा कागद स्वीकारला नव्हता. मेलेल्यांची माहिती गोष्टींत असते. जिवंत माणसाची कोण देतं?


कार्ड ६ : खात्या
(बळ: जेवढे ऐकणारे, तेवढं.)

झऱ्यापलीकडच्या त्या तीन झाडांखाली दोन बायका टोपल्या घेऊन महू वेचत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी मान वर केली नाही. डोंगरसिंगही त्यांना काही बोलला नाही.

खात्या आपल्या ओट्यावर बसला होता. डोक्यावर हेमकांतच्या रोपवाटिकेची टोपी, माहिती दिल्याची भेट. डोंगरसिंग आमच्यामध्ये बसून त्याचं भिली मला मराठीत आणि माझं मराठी त्याला भिलीत सांगत होता.

“मला गोष्ट विचारली असती तर गोष्ट सांगितली असती,” खात्या म्हणाला. “डाकिणीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण ह्याने विचारलं, कुठे राहते, खूण काय. ते गोष्टीत नसतं. ते दाण्यांत पाहावं लागतं.”

“खेळासाठी विचारलं होतं.”

“दाण्यांना कुठे कळतं ते?”

“मग धनुबाईच का? तिने तुमचं काय केलं होतं?”

“काही नाही. बरी बाई. सात दाणे टाकले, पाच झऱ्याकडे गेले. झऱ्याकडे घर एकच.” जीप कुठे थांबते ते सांगावं तसा त्याचा आवाज होता.

मी डोंगरसिंगकडे वळले. “तू खोटं लिहून पाठवू शकला असतास. काहीही. कोणाला कळलं असतं?”

“बडव्याने पाहिलेलं बदललं तर ती डाकीण बदलणाऱ्याच्याच घरात जाते. मला पोरगी आहे.” तो जमिनीकडे बघत होता. “आणि तुम्ही लिहिलं होतं, खरं तेच पाहिजे.”

“तुलाही खरं वाटतं? काकी डाकीण आहे?”

“असेल.”

“आणि तरी तिला झोळीत घालून नेलंस?”

त्याने मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखं पाहिलं. “डाकीण झाली म्हणून काकी नाही का?”

मी खात्याला शेवटचा प्रश्न विचारला. दाणे जानेवारीत पडले, मार मार्चमध्ये बसला. मधले दोन महिने काय?

“कोणी मानत नव्हतं. अर्धा पाडा नाहीच म्हणाला. झिपरू कारभारी तर तोंडावर हसला. मग दोन पोरं तापली. तरी लोक गप्प. मग होळीला ह्याने हे दिलं.” त्याने बोटांनी कार्डाएवढा चौकोन केला. “तोच हात. तेच घर. शाळेतल्या पोराने वाचून दाखवलं. आधी मी एकटा सांगत होतो. मग शहादासुद्धा सांगायला लागलं.”

“पण शहाद्याला तुम्हीच सांगितलं होतं!”

डोंगरसिंगने हे त्याला सांगितलं नाही.  

“हे मी नाही बोलणार,” तो म्हणाला. “हे तुम्ही पंचात बोला.”


कार्ड ७ : फोन

“कळनं का?”

“कळनं.”

“कोन?”

“आपन.”

“आपन म्हंजे?”

“मी विचारं. तू छापं.”

“येडी व्हयनी का तू? त्या डोंगरसिंगनं नाव सांग. जमीन त्याले भेटनार शे. लोकेस्ले लगेच पटी.”

“खोटं शे ते.”

“पन बाई घर जाई ना?”

मी फोन ठेवला. कारण हेमकांत बरोबर होता. जमिनीसाठी पुतण्याने खूण लिहून पाठवली, हे उत्तर पाड्याला कळणारं होतं. कार्ड खोटं ठरलं असतं, खात्यालाही वाट मिळाली असती, धनुबाई दुसऱ्या दिवशी झाडाखाली बसली असती. खरं सांगितलं तर खात्याचे दाणे जिथल्या तिथे राहत होते.

फोनचा आवाज मोठा होता. डोंगरसिंगने सगळं ऐकलं होतं.

“सांगा माझं नाव,” तो म्हणाला. “पटेल त्यांना.”

“आणि तुझं काय होईल?”

“काय व्हायचं ते. आधी काकीला विचारतो.” त्याने दवाखान्यातल्या काकीच्या बहिणीला फोन लावला, बरंच बोलला, मग नुसतं ऐकत राहिला. मग त्याने फोन खिशात ठेवला.

“काय म्हणाली?”

“म्हणते, मग महू कोणाबरोबर वेचू.”


कार्ड ८ : पंच

बाजाराच्या मागे, जीपा उभ्या असतात त्या मोकळ्या जागेत पंच बसले. झिपरू कारभारी मधोमध, बाकीचे अर्धगोलात. चाळीस-पन्नास माणसं उभी. खात्याही आला होता, टोपी काढून.

मी जमिनीवर कार्डं मांडली. गणित फळ्यावर सोडवायचे तसं बोलले, आणि डोंगरसिंगने एकही वाक्य न गाळता भिलीत सांगितलं.

हे कार्ड बाजारातलं नाही, कोपरे बघा. असे चारच संच होते, त्यांतलं हे डोंगरसिंगचं, त्याने खात्याला दिलं, खात्याने चौकटीवर लावलं. खात्याने मान हलवली. चित्र काढणारी इथे कधी आली नाही. तिने माझ्या कागदावरून काढलं. माझा कागद डोंगरसिंगच्या कागदावरून. डोंगरसिंगचा खात्याच्या दाण्यांवरून. आणि दाणे टाकायला लावले मी. “म्हणजे शहाद्याने काही वेगळं पाहिलेलं नाही. खात्यादादांनी जे म्हटलं तेच फिरून परत आलं. एका माणसाचं बोलणं दोनदा मोजलं गेलं. दुसरा साक्षीदार नव्हताच. आणि ‘मरत नाही’ हे दाण्यांतही नव्हतं. ती माझी चूक. डोंगरसिंगने लिहिलं होतं की ती जिवंत आहे.”

 मागे उभा असलेला एक माणूस निघून गेला. त्या चौघांपैकी एकाचा तो भाऊ होता, हे मला नंतर कळलं.

“समजलं,” झिपरू मराठीत म्हणाला. “खूण माणसाने लिहिली. तुम्ही कबूल केलं, हे चांगलं केलं. पण दाणे राहिले.”

“कायदा आहे, कारभारी. कोणाला डाकीण म्हणणं गुन्हा आहे.”

“कायदा तिला घरी सोडून जाईल. मग तिच्या अंगणात झोपणार कोण, कायदा?” एकदोघं हसले. झिपरू हसला नाही. “आमच्यात हे परत घेता येतं, ताई. ज्यांनी ज्यांनी नाव ऐकलं ते सगळे एका जागी बसतात. बडवा त्यांच्यासमोर दाण्यांवर पाणी सोडतो. संपलं. मग कोणी तोंडातून काढत नाही. माझ्या वेळी दोनदा झालंय. त्यातली एक बाई आज अंगणवाडीत भात शिजवते. खात्या, सोडशील का पाणी?”

खात्याने मान हलवली. त्याला त्यात काहीच जड वाटलं नाही.

मी लगेच म्हणाले, “मग आजच करू. पाडा इथेच आहे.”

“पाडा आहे.” झिपरूने जमिनीवरचं चौतीस नंबरचं कार्ड उचललं आणि उलटसुलट केलं. “आणि तुमचे?”

“आमचे कोण?”

“तुमच्याकडून ज्यांनी ऐकलं ते. अशी किती छापली?”

बाकी कार्डं हजारोंनी होती. हे दुर्मीळ ठेवलं होतं. तसं मीच ठरवलं होतं.

“दोनशे चाळीस,” मी म्हणाले.

“ती माणसं काही इथे येणार नाहीत. मग कार्डं आणा. एक जरी राहिलं तर पाणी लागू होत नाही.”


कार्ड ९ : दोनशे चाळीस

गोदामातल्या न फोडलेल्या पाकिटांत नव्वद निघाली. भाविका आणि मी दोन दिवस पाकिटं फोडत बसलो. तिच्या आरशामागचंही घेतलं.

मग दुकानं, मग शाळा. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, नंदुरबार. एका डाकिणीच्या बदल्यात दहा कार्डं द्यायची असं मी ठरवलं. पहिल्या आठवड्यात पोरं धावत आली. दुसऱ्या आठवड्यात एका चष्मेवाल्या मुलीने मला विचारलं, “बाई, तुम्ही एवढी शोधताय म्हणजे ती भारीच असणार ना?” तिने कार्ड दाखवलं आणि दप्तरात परत ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात पोरं पंचवीस मागायला लागली, आणि ज्यांनी आधी दिली होती ती रडत परत मागायला आली.

दर रविवारी मी चिंचपाड्याला जायचे. धनुबाई आता बहिणीच्या खोलीत राहत होती, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून टोपल्या विणायची. मला पाहिलं की एवढंच विचारायची, मराठीत, “किती राहिले?”

एकशे दोन. सदुसष्ट. चाळीस.

महू संपलं. तिने त्याचं नाव काढलं नाही, आणि मीही नाही.

एकोणीस राहिली त्या दिवशी हेमकांतने मला गोदामात बोलावलं. नवे खोके रचलेले होते.

“सगळी पोरं तीच मांगी ऱ्हायनात,” तो म्हणाला. “पन मी तुन्हं ऐकं. दख, सुधारं शे.”

पाकिटात गोल कोपऱ्यांची, चमकणारी डाकीण होती. चेहरा तसाच केसांत. हाताला पाच बोटं. झरा गेला होता, झाडं गेली होती. ठिकाणाच्या ओळीत लिहिलं होतं: कुठेही असू शकते.

“आते ती कोनीच नही ना,” हेमकांत म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की त्याने दुरुस्त केलं. “पाच हजार छापी.”

मी झिपरूला फोन केला. त्याने आधी नव्या कार्डावर काय छापलंय ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, “नाव तेच आहे ना? मग पुन्हा पहिल्यापासून.”

रविवारी मी ते नवं कार्ड धनुबाईला दाखवलं. लपवून काय केलं असतं? व्हरांड्यात पेशंटांची गर्दी होती. लेकरं घेतलेल्या पोरी, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या, सलाईनची बाटली धरून बसलेली एक सून. धनुबाईने कार्ड लांब धरलं, शेजारी आपला डावा हात धरला.

“ही मी नाही,” ती मराठीत म्हणाली.

“नाही.”

तिने त्या सगळ्या बायकांकडे पाहिलं, एकेकीच्या हाताकडे. मग कार्ड माझ्या हातात परत दिलं.

“तिला आधी सांगून ठेव,” ती म्हणाली.

“कोणाला?”

“जी असेल तिला.”